सव्वा इंची मागितलं, बेचाळीस भरलं : सिंक स्वतः बसवणाऱ्यांचे प्रश्न

सिंक किंवा वॉश बेसिन घरच्या घरी बदलायला घेतलेल्या वाचकांची पत्रं वाचली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. पाना फिरवण्यात कुणाचं अडत नाही. अडतं ते दुकानातून नेमकं काय आणायचं इथे. रविवारी दुकानाच्या चार फेऱ्या होतात आणि संध्याकाळी भांडी बाथरूममध्ये घासावी लागतात. म्हणून या वेळी फक्त सामानाचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : जुनं सिंक काढून २४ × १८ इंची स्टीलचं एकेरी सिंक बसवायचं आहे. जुन्या अँगल कॉकचे (भिंतीतून येणारं पाणी बंद-चालू करणारा छोटा कॉक) आटे टेपने मोजले, २१ मि.मी. भरले. म्हणून २० मि.मी.चा, म्हणजे पाऊण इंची कॉक आणला, तर तो भिंतीत जातच नाही. दुकानदार म्हणतो, माप तुमचंच चुकलं. लागणाऱ्या सगळ्या सामानाची यादीही द्याल का? (वाचक, डोंबिवली)

टेप बरोबर होती, मागणी चुकली. नळसामानात इंच हे माप नाही, नाव आहे. जुन्या लोखंडी पाईपच्या आतल्या पोकळीवरून ही नावं पडली आणि आटे तर पाईपच्या बाहेरच्या अंगाला असतात. त्यामुळे अर्धा इंची (डब्यावर १५ मि.मी.) आटे बाहेरून २१ मि.मी. भरतात, पाऊण इंची (२०) साडेसव्वीस, एक इंची (२५) तेहतीस, सव्वा इंची (३२) बेचाळीस आणि दीड इंची (४०) जवळजवळ अठ्ठेचाळीस. हे आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवा. सगळ्यात जास्त फसगत सव्वा इंचीत होते. बेसिनची ३२ ची कपलिंग (तळाच्या भोकात बसणारा, पाणी खाली सोडणारा भाग) मोजली की ४२ भरते, माणूस ती ४० ची समजतो आणि दीड इंची ट्रॅप (आत पाणी धरून वास अडवणारं वळण) घेऊन घरी येतो. तो ढिला पडतो, मग टेफ्लॉनचा (आट्यांवर गुंडाळायची पातळ पांढरी पट्टी) अर्धा रोल गुंडाळून तो ‘बसवला’ जातो आणि आठवड्याभरात कपाटाचा तळ फुगतो. घरातल्या नळाच्या जवळजवळ सगळ्या जोडण्या अर्धा इंचीच असतात. तुम्हालाही अर्धा इंचीच कॉक हवा.

आता यादी. सिंक घेताना बाहेरच्या २४ × १८ पेक्षा ओट्याच्या कापाचं माप महत्त्वाचं. डब्यात कापाचा कागदी नमुना असतो, तो जुन्या कापावर ठेवून पाहा. नवा काप लहान हवा असेल तर काहीच करता येत नाही. मोठा हवा असेल तर दगड कापणारा बोलवा, ते काम घरी करू नका. सिंकच्या तळाचं भोक मोजा. बाजारात प्रामुख्याने दोन मापं आहेत, ९० मि.मी. (साडेतीन इंची) आणि ११४ मि.मी.च्या आसपासचं (साडेचार इंची). वेस्ट कपलिंग त्याच मापाची हवी, आणि सिंकसोबत आली असेल तर वेगळी घेऊच नका. कपलिंगचं खालचं तोंड सव्वा इंची आहे की दीड, ते दुकानातच पाहा, कारण वेस्ट पाईपचा नट त्याला बसायचा आहे. जिथे निवड असेल तिथे दीड इंची घ्या. भाताची शितं आणि चहाचा चोथा सव्वा इंचीत लवकर अडकतात.

बाकीचं सामान असं : वेस्ट पाईप १, पाईप जिथे ड्रेनमध्ये शिरतो तिथलं रबरी बूच १, अर्धा इंची अँगल कॉक २ (एक नळाला, दुसरा पुढेमागे आरओ किंवा डिशवॉशरला), कनेक्शन पाईप १, मिक्सर (गरम-गार पाण्याचा एकत्र नळ) असेल तर २, टेफ्लॉनचे १२ मि.मी. रुंदीचे रोल २. सिलिकॉनची नळी १. आणि अर्धा इंची डमी प्लग १. हा प्लग कुणीच घेत नाही. काम अर्ध्यावर अडलं तर भिंतीतलं तोंड त्याने बंद करून घराचं पाणी चालू करता येतं. कनेक्शन पाईपची लांबी कॉकपासून नळापर्यंतच्या अंतरात चार-पाच इंच मिळवून धरा. १८ आणि २४ इंची सहज मिळतात. ताणून बसवलेला पाईप नटापाशी फुटतो, फार लांब घेतलेला मुडपतो. पांढरा प्लॅस्टिकचा पाईप गरम पाण्याला चालत नाही, तिथे स्टीलच्या विणीचाच घ्या. तुमचा नळ भिंतीतून थेट येणारा असेल तर त्याला अँगल कॉक आणि कनेक्शन पाईप दोन्ही लागत नाहीत. आणि पाऊण इंची तोंड खरोखर लागतं ते डिशवॉशरला : त्याच्या पाईपचा नट पाऊण इंची असतो, म्हणून त्या बाजूचा कॉक पाऊण इंची तोंडाचा घ्या किंवा अर्धा-पाऊण निपल (दोन मापं जोडणारा आट्यांचा तुकडा) वापरा.

जुना कॉक सोडवण्याआधी मेन कॉक बंद करून स्वयंपाकघरातला नळ पाच मिनिटं उघडा ठेवा. जुन्या इमारतींतले व्हॉल्व्ह फिरतात पुरते, पण पाणी थांबवत नाहीत. थेंब चालूच राहिले तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या, मगच पान्याला हात लावा.

प्रश्न : नवीन सिंकच्या कपलिंगखाली थेंब थेंब गळतंय. नट तीनदा आवळला, आट्यांवर भरपूर टेफ्लॉन गुंडाळलं, तरी थांबत नाही. (वाचक, सांगली)

थांबणारही नाही, कारण तिथे पाणी आटे अडवत नाहीत, रबर अडवतं. कपलिंगची भांडणं बहुतेक वेळा वॉशरच्या क्रमावर असतात. वरून खाली असा क्रम लावा : कपलिंगची जाळीची वाटी, तिच्या ओठाखाली पातळ रबर किंवा सिलिकॉनची सलग रेघ, मग सिंकचा पत्रा, पत्र्याखाली जाड रबरी वॉशर, त्याखाली गुळगुळीत प्लॅस्टिकची किंवा फायबरची चकती आणि शेवटी नट. ती चकती पिशवीतच राहून जाते, कारण ती जास्तीची वाटते. ती नसली की फिरणारा नट रबराला थेट पकडतो आणि सोबत फिरवतो. रबर एका बाजूला जमा होतं, दुसऱ्या बाजूला फट पडते. खालून टॉर्च मारून पाहा. रबराची कड एकीकडे बाहेर आलेली आणि दुसरीकडे आत ओढलेली दिसली तर हाच प्रकार आहे.

सगळं सोडा, जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढा, पत्रा कोरडा पुसा. पिळवटलेलं रबर परत वापरू नका. नट हाताने जाईल तितका फिरवा, पुढे पान्याने फार तर पाव ते अर्धा फेरा. वरची वाटी दुसऱ्या माणसाला धरायला सांगा, नाहीतर तीही फिरते. मग जाळीला बूच लावून सिंक निम्मं भरा, अर्धा तास थांबा आणि एकदम सोडा. नुसता नळ चालू ठेवून घेतलेली चाचणी काही सांगत नाही, कारण गळती भरलेल्या सिंकच्या वजनाखाली दिसते. खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा. बोटाला न लागणारा ओलावाही कागदावर डाग पाडतो आणि थेंब नेमका कुठून पडतो ते कळतं.

हाच नियम कनेक्शन पाईपच्या नटालाही. त्याच्या आत रबरी वॉशर असतो, तिथे टेफ्लॉन लावायचं नाही.

प्रश्न : स्वयंपाकघरात सिंकखालून वास येतो, रात्री झुरळंही दिसतात. बॉटल ट्रॅप बसवून घ्यावा का? वेस्ट पाईप ओट्याखालून भिंतीतल्या भोकात जातो. (वाचक, पुणे)

आधी त्या भोकाच्या पलीकडे काय आहे ते शोधा. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये हा पाईप बाल्कनीतल्या किंवा मोरीतल्या नहाणी ट्रॅपवर (जमिनीतल्या जाळीखालचा ट्रॅप) सुटतो, तळमजल्यावर बाहेरच्या गली ट्रॅपमध्ये (घराबाहेर जमिनीत बसवलेला ट्रॅप). तिथे पाण्याचा अडसर असतोच. आणखी एक ट्रॅप लावला तर दोन अडसरांमध्ये हवा कोंडते, सिंक गुडगुड करत हळू उतरतं. मग वास कुठून येतो? पाईप आणि भोकाच्या मधल्या फटीतून. तिथे पाईपच्या मापाचं रबरी बूच घट्ट बसवलं की वास आणि झुरळं दोन्ही बहुतेक थांबतात. चिंधी कोंबू नका, तीच कुजून वास मारते.

नहाणी ट्रॅपही तपासा. जाळी काढून टॉर्च मारा, आत पाणी साठलेलं दिसायला हवं. वाटीचा ट्रॅप असेल तर उलटी वाटी जागेवर आहे का पाहा. ‘पाणी लवकर जात नाही’ म्हणून ती फेकून दिलेली सापडते. वाटी गेली की अडसर गेला. पंधरा-वीस दिवस घर बंद होतं आणि परतल्यावर वास आला तर ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. तांब्याभर पाणी ओतलं की भागतं.

पाईप ट्रॅपशिवाय थेट इमारतीच्या सांडपाण्याच्या उभ्या पाईपला जोडलेला असेल तर मात्र ट्रॅप लागतोच, पण बॉटल ट्रॅप नको. तो हात धुण्याच्या बेसिनसाठी आहे. त्याच्या बाटलीत तेल थिजतं, खरकटं तळाशी बसतं. सिंकखाली ४० मि.मी.चा पी ट्रॅप घ्या, साफ करायला खाली उघडणारी टोपी असलेला, आत किमान ५० मि.मी. पाणी उभं राहील असा. काही जण घडीच्या वेस्ट पाईपलाच वळण देऊन बांधतात. त्याने वास थांबतो खरा, पण पाईपच्या प्रत्येक घडीत चरबी साचते आणि दोन-तीन महिन्यांत पाणी तुंबायला लागतं. घडीचा पाईप शक्य तितका आखूड आणि उभा ठेवा. आडवा न्यावाच लागला तर तेवढा भाग साध्या कडक पाईपचा करा आणि दर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्या.

प्रश्न : नव्या टाइल्समुळे भिंतीतला एल्बो (पाईपचा काटकोनी जोड) इंचभर आत गेला आहे. अँगल कॉक कसाबसा दोनच आटे पकडतो. जोर लावला तेव्हा आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि आता टाइलच्या कडेने पाणी येतंय. (वाचक, नाशिक)

एल्बो फुटला आहे. तो बहुधा पूर्ण प्लॅस्टिकचा असावा. पितळी नळ पाचरीसारखा आत जातो आणि प्लॅस्टिकचे आटे आतून फाकवतो. टाइल फोडून एल्बो बदलण्याला पर्याय नाही, पण या वेळी आत पितळी आटे ओतलेला एल्बो घ्या. दुकानात ‘ब्रास एल्बो’ म्हणून मागा. पाईप कोणता ते आधी ओळखा. फिकट पिवळसर सीपीव्हीसी अर्धा इंची पाईप बाहेरून १५.९ मि.मी. असतो, पांढरा यूपीव्हीसी अर्धा इंची २१.३ मि.मी. नाव तेच असलं तरी एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही आणि दोघांचं सोल्युशनही (जोड चिकटवायचं द्रव) वेगळं असतं. सोल्युशन लावलं की डब्यावरचा सुकण्याचा वेळ पाळा. शक्य असेल तर रात्रभर ठेवा आणि सकाळी पाणी सोडा.

एल्बो आत राहिला तर कॉक खेचून बसवायचा नसतो, मध्ये एक्स्टेन्शन निपल घालायचं. ते अर्धा, एक, दीड, दोन इंच अशा लांबीत मिळतं. लांबी मोजण्यासाठी पेन्सिल एल्बोच्या तोंडाला टेकवा आणि टाइलच्या पृष्ठभागापाशी खूण करा. निपल टाइलच्या बाहेर किंचितच यावं, म्हणजे कॉकची गोल पट्टी भिंतीला टेकते. दोन आखूड निपलं एकात एक जोडू नका. प्रत्येक जोड ही गळतीची नवी जागा.

टेफ्लॉनही नीट लावा. आट्यांचं तोंड तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, टेप ताणून, पहिला आटा मोकळा सोडून दहा-बारा वेढे. उलटे वेढे दिले तर कॉक फिरवताना टेप सुटून गोळा होतो. कॉकचं तोंड सरळ यावं म्हणून आवळलेला कॉक मागे फिरवायचा नाही. मागे फिरवला की बसलेला टेप सैल पडतो. तोंड पुढे गेलंच तर बाहेर काढा, टेप खरवडा, वेढे दोनने वाढवा आणि पुन्हा बसवा. लोखंडी पाईपला सुतळी आणि सफेदा लावायची जुनी पद्धत पिण्याच्या पाण्याच्या नळाला नको. सफेद्यात शिसं असू शकतं.

प्रश्न : सर्वात वरच्या मजल्यावर राहतो. ओढून बाहेर येणारा फवाऱ्याचा मिक्सर बसवला, पण पाण्याची धार करंगळीएवढीसुद्धा नाही. मिक्सर खराब आहे का? (वाचक, ठाणे)

बहुधा नाही. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब १ बार. तुमची टाकी नळापासून तीन मीटर वर असेल तर दाब ०.३ बार. ओढायच्या मिक्सरना किमान अर्धा ते एक बार लागतो, डबा पाहा. त्यातून ओट्यावर उभ्या बसणाऱ्या नळाचे आतले लवचिक पाईप पेन्सिलीएवढ्या भोकाचे असतात.

खात्री करायची तर कनेक्शन पाईप सोडून अँगल कॉकखाली दहा लिटरची बादली धरा. बादली मिनिटभरात भरली तर लाइन ठीक आहे, अडचण नळात आहे. मग तोंडाची जाळी काढून धुवा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर ती रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. बादलीलाच तीन-चार मिनिटं लागली तर कोणताही मिक्सर आणा, धार तीच. वरच्या मजल्यावर भिंतीतून थेट येणारा, लांब वाकड्या मानेचा साधा सिंक कॉक सगळ्यात चांगलं पाणी देतो. दिसायला जुनाट, पण बादली भरतो.

प्रश्न : बहिणीने न्यू जर्सीहून सिंकचा नळ पाठवला आहे. त्याच्या पाईपचे नट आमच्या अँगल कॉकला फार लहान पडतात. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

अमेरिकेत नळाच्या पाईपचं टोक बहुधा ३/८ इंची कॉम्प्रेशन प्रकारचं असतं. ज्या आट्यांवर तो नट बसतो ते साधारण १४ मि.मी.चे, तुमच्या कॉकचे २१. मध्ये अ‍ॅडॅप्टर लागेल : एका बाजूला अर्धा इंची बीएसपी (आपल्याकडच्या नळांचे आटे), दुसऱ्या बाजूला ३/८ कॉम्प्रेशन. बहिणीलाच पाठवायला सांगणार असाल तर सावध, कारण तिथल्या दुकानात अर्धा इंची म्हणजे एनपीटी आटे. दोन्हींत इंचाला १४ आटे असतात, पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०, आणि एनपीटी निमुळता. दोन-तीन फेरे छान जातो, मग अडतो, आणि टेफ्लॉनच्या भरवशावर चार दिवस गळत नाही. पाचव्या दिवसाचं सांगायला नको. तेव्हा अ‍ॅडॅप्टरवर बीएसपी लिहिलेलं हवं.

ओट्याचं भोक ३५ मि.मी. असेल तर नळ बसेल. पाणी मात्र कमी येईल. अमेरिकी नियमाप्रमाणे स्वयंपाकघरातल्या नळातून ६० पीएसआय, म्हणजे सुमारे ४.१ बार दाबाला मिनिटाला २.२ गॅलन, सुमारे ८.३ लिटरपेक्षा जास्त पाणी यायला नको, म्हणून आत प्रवाह कमी करणारी चकती असते. आपल्याकडच्या अर्ध्या बारला त्याच नळातून तीन लिटरच्या आसपास येईल. जाळीमागची ती छोटी प्लॅस्टिकची चकती निघत असेल तर काढून पाहा.

प्रश्न : ओटा कडप्प्याचा आहे. सिंकच्या कडेला कोणतं सिलिकॉन लावावं? (वाचक, कोल्हापूर)

न्यूट्रल क्युअर लिहिलेलं, बुरशीरोधक. स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, तो सुकताना सुटणाऱ्या अ‍ॅसेटिक आम्लाचा. कडप्पा आणि संगमरवर हे चुन्याचे दगड. आम्ल त्यांचा पृष्ठभाग खातं, सिलिकॉन सुटून येतं आणि कडेला पांढुरका पट्टा राहतो. ग्रॅनाइटला तितका धोका नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, ते आधी पूर्ण काढा. चोवीस तास पाणी लागू देऊ नका.

प्रश्न : बेसिनसाठी कपलिंग मागितली तर दुकानदार विचारतो, हाफ थ्रेड की फुल थ्रेड? फरक काय? बेसिन सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंतीवर लावायचं आहे. (वाचक, नागपूर)

बेसिनच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेजवळ पाणी ओसंडू नये म्हणून छोटं भोक आहे का पाहा. असेल तर हाफ थ्रेड. तिच्या वरच्या अर्ध्या भागात आट्यांऐवजी खिडक्या असतात. त्या भोकातून चिनीमातीच्या पोकळीत आलेलं पाणी या खिडक्यांतून कपलिंगमध्ये उतरतं. अशा बेसिनला फुल थ्रेड लावली तर ते पाणी पोकळीतच राहून सडतं आणि स्वच्छ घासलेल्या बेसिनलाही वास येतो. भोक नसलेल्या बेसिनला फुल थ्रेड. तिथे हाफ लावली तर खिडक्यांतून बाहेर आलेलं पाणी खालच्या वॉशरवर साचून झिरपतं. काउंटरवर ठेवायच्या जाड किंवा उंच बेसिनला कपलिंगची लांबीही पाहावी लागते, ८० मि.मी.ची नेहमीची पुरेलच असं नाही, १३० आणि त्याहून लांबही मिळतात.

सिपोरेक्समध्ये साधा प्लॅस्टिकचा गट्टू आणि रॅग बोल्ट धरत नाहीत. ठोकताना घट्ट वाटतात, पण कुणी बेसिनवर हात टेकून वाकलं की भोक भुगा होऊन मोठं होतं. केमिकल अँकर (भोकात चिकटवायचं रसायन भरून बसवलेला बोल्ट) वापरा, किंवा भिंतीची दुसरी बाजू मोकळी असेल तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी. बेसिनची वरची कड जमिनीपासून ८० ते ८५ सें.मी. उंचीवर येईल अशा खुणा करा. चिनीमाती आणि नट यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा वॉशर ठेवा. बेसिन भिंतीला टेकलं आणि हलायचं थांबलं की नट तिथेच सोडा; त्यापुढच्या अर्ध्या फेऱ्यात बोल्टच्या भोकापासून तडा जातो.